आत्यांचा खराटा आणि श्रीपादाची वाट



या सदरात आपण आजवर मुलांचे अभ्यास, घरखर्च, आजारपण आणि सासू-सुनांच्या कुरबुरी यांवरच बोलत आलो. आज जरा लांब जाऊ या. आमच्या घरातली पाच माणसे मे २०२४ मध्ये बावीस दिवस श्रीलंकेत फिरून आली. तेव्हापासून विहारात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत एकच विचारणा होते, "ताई, खर्च किती आला? म्हातारीला कसं नेलंत? खाण्याचं काय केलंत?" एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथेच सगळे लिहिते.

पाच माणसे म्हणजे मी, आमचे हे, बारावीची परीक्षा दिलेली मुलगी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय अडुसष्ट. लहानपणी वीटभट्टीवर विटा वाहिल्या आणि नंतर एकतीस वर्षे शहराचे रस्ते झाडले. निवृत्त झाल्यावर फंडातले उरलेले पैसे त्यांनी पोस्टात ठेवले होते. एका बुद्धपौर्णिमेला विहारात संघमित्रेची गोष्ट ऐकून त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "ती पोरगी झाडाची फांदी घेऊन समुद्रापल्याड गेली. ते झाड अजून उभं हाय म्हणत्यात. मला ते बघायचंय."

घरात वादळ झाले. धाकटे दीर म्हणाले, "आई, एवढ्या पैशात घरावर स्लॅब पडला असता." आत्या शांतपणे म्हणाल्या, "पत्र्याखालीच तुम्हांला वाढवलं ना? मग अजून चार वर्षं पत्रा चालंल." त्यांचे एक लाख आणि आमची साठवण मिळून जुळणी झाली. पासपोर्टसाठी आत्यांच्या जन्माचा दाखला कुठून आणायचा? अखेर नोकरीच्या कागदपत्रांतली तारीख उपयोगी पडली. आयुष्यभर झाडलेल्या रस्त्यांनीच त्यांना परदेशाचा दाखला मिळवून दिला, असे म्हणा ना.

मुंबईहून कोलंबो अवघ्या अडीच तासांवर. विमानतळावरून आम्ही कोलंबो शहरात शिरलोच नाही, बस धरून थेट उत्तरेकडे अनुराधपूरला गेलो. प्रवास पाच तासांचा. दोन्ही बाजूंना नारळ, भातखाचरे आणि तलाव. मुलगा म्हणाला, "आई, हे तर कोकणच आहे!"

अनुराधपूर ही श्रीलंकेची प्राचीन राजधानी. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी इथे आणली, अशी परंपरा आहे. ते झाड उंच ओट्यावर आहे. म्हाताऱ्या माणसाला काठी द्यावी तसे त्याच्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत. पांढरी वस्त्रे नेसलेली शेकडो माणसे अनवाणी बसली होती. दुपारी दगड असा तापतो की पाय टेकवत नाही, म्हणून सकाळीच जावे. आत्या एका सिंहली आजीबाईंच्या शेजारी बसल्या. एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता. पण आजीबाईंनी त्रिसरण सुरू केले आणि आत्यांनी त्यात आवाज मिसळला. शब्द तेच, क्रम तोच, चाल तेवढी वेगळी. पंचशील संपले तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. आमचे हे एरवी डोळ्यांतून पाणी काढणारे नव्हेत, पण तेव्हा चष्मा पुसत होते.

जवळच जेतवनाराम स्तूप आहे. राजा महासेनाच्या काळात त्याची उभारणी सुरू झाली. मूळ उंची सुमारे १२२ मीटर, आणि विटा नऊ कोटींहून अधिक असाव्यात असा अंदाज सांगतात. प्राचीन जगातल्या सर्वांत उंच बांधकामांपैकी हे एक. मुलीने ही माहिती वाचून दाखवली. आत्या स्तूपाच्या पायथ्याशी गेल्या, विटेवर तळहात ठेवला आणि विचारले, "भट्टी कुठं होती गं? एवढ्या विटा कुणी वाहिल्या?" पाटीवर राजाचे नाव होते. विटा वाहणाऱ्यांचे नव्हते.

या प्रश्नाचे थोडेसे उत्तर दुसऱ्या दिवशी मिहिंतलेला मिळाले. अनुराधपूरपासून तेरा किलोमीटरवरची ही टेकडी, महेंद्र स्थविरांची आणि राजा देवानंपिय तिस्साची भेट झाली ते ठिकाण. पायऱ्या १८४०, पण रुंद आणि सावलीच्या. आत्या दर शंभर पायऱ्यांना बसत, पण चढल्या. वर जुन्या भोजनशाळेत भात ठेवण्याची दगडी पात्रे आहेत, गुरांच्या डोणीएवढी मोठी. आणि तिथेच दोन मोठ्या शिळा उभ्या आहेत. दहाव्या शतकातील राजा चौथा महिंद याचा लेख त्यांवर कोरला आहे. विहाराचा कारभार कसा चालावा आणि तिथे राबणाऱ्या माणसांना काय मोबदला द्यावा, हे त्यात लिहिले आहे. आमचे हे एस.टी.च्या कार्यशाळेतले मेकॅनिक आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. ते त्या दगडासमोरून हलेनात. "पगारपत्रक दगडात कोरलंय बघ! आता कोण बुडवील?"

आता खाण्याचे. भगिनींनो, चिंता नको. भात, वरण, नारळ आणि मासे ज्या घरात चालतात त्या घराला श्रीलंकेत उपाशी राहावे लागत नाही. दुपारी कोणत्याही लहान दुकानात भाताचे पुडके मिळते. त्यात भात, मसूर डाळीची 'परिप्पू', फणसाची किंवा भोपळ्याची भाजी, मासा आणि पापड असतो. सकाळी 'आप्प', म्हणजे तांदळाचा वाटीसारखा खोलगट घावन, नाहीतर 'इंदिआप्प', म्हणजे आपल्या शेवयांसारखे वाफवलेले. सोबत 'पोल सांबोल', ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी. तिच्यात 'उंबलकड' नावाचा वाळवलेला मासा कुटून घालतात. आत्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "सुकटीची चटणीच की गं ही, लांबच्या बहिणीच्या हातची." शुभप्रसंगी नारळाच्या दुधात भात शिजवून त्याच्या वड्या पाडतात, तो 'किरिबत'. म्हशीच्या दुधाचे दही मातीच्या गाडग्यात मिळते आणि त्यावर 'कितुल' माडाची काकवी ओततात. मुलाने तेवढ्यावरच चार दिवस काढले असते.

अनुराधपूरला आम्ही एका घरगुती खोलीत उतरलो होतो. शेजारी लहानसे विहार होते. अंगण वाळूचे. पहाटे साडेपाचला खर्र-खर्र आवाज आला आणि आत्या ताडकन उठून बसल्या. एकतीस वर्षे त्याच आवाजाने त्यांचा दिवस उगवला होता. खिडकीतून पाहिले, तर पांढरी साडी नेसलेली, चष्मा लावलेली एक बाई नारळाच्या हिरांच्या खराट्याने अंगण झाडत होती. आम्ही खाली गेलो. मुलीने इंग्रजीत विचारपूस केली. बाई बँकेत अधिकारी होती. रविवारी पहाटे येऊन विहार झाडते, त्याने मन स्वच्छ होते, म्हणाली. इथे बरेच लोक असे करतात. आत्यांनी तिच्या हातातून खराटा घेतला, कमरेत वाकल्या आणि अर्ध्या अंगणावर माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी नक्षी उमटवली. बाई पाहतच राहिली आणि तिने हात जोडले.

मला वाटले, आत्या आता भारावून काही बोलतील. खोलीत आल्यावर त्या म्हणाल्या, "चांगली बाई हाय. पण ती झाडती, हात धुती आन् बँकेत जाती. मी झाडून हात धुतले तर मला कुणी बँकेत घेतलं असतं का?" मला उत्तर सुचले नाही. पुढचे सगळे दिवस तो प्रश्न आमच्याबरोबर फिरत होता.

सिगिरियाचा प्रचंड खडक तुम्ही चित्रांत पाहिला असेल. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्यावर राजवाडा बांधला. परदेशी माणसांना तिथले तिकीट डॉलरच्या हिशेबाने पडते. पाच जणांचा हिशेब केला आणि आम्ही समोरच्या पिदुरंगल टेकडीवर गेलो. तिथले शुल्क अगदी थोडे. वाटेत विटांची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. शेवटचा टप्पा मोठमोठ्या शिळांवरून हातापायांनी चढावा लागतो. आत्या मूर्तीजवळ थांबल्या, आम्ही वर गेलो. समोर अख्खा सिगिरिया, भोवती जंगल. ज्याला सिगिरियाच पाहायचा आहे त्याला तो इथूनच पुरा दिसतो. त्यावर उभे राहिलेल्याला तो कुठून दिसणार?

मग दंबुल्लाची लेणी पाहून कँडी. तळ्याकाठी दंतधातूचे विहार आहे. कँडीचे नाव आपल्याला दुसऱ्या कारणानेही जवळचे. जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची स्थापना मे १९५० मध्ये इथे झाली आणि त्या परिषदेसाठी बाबासाहेब श्रीलंकेत आले होते. आम्ही तळ्याच्या कठड्यावर बसून मुलांना हे सांगत होतो, तेव्हा मुलगी एकदम म्हणाली, "पण पप्पा, इथेही जात आहे." तिने वाचून ठेवले होते. १७५३ मध्ये कँडीत स्थापन झालेल्या सियाम निकायाने पुढे फक्त गोविगम या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या मुलांनाच उपसंपदा देण्याची प्रथा पाडली. मग इतर जातींच्या लोकांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरपुर निकाय निघाला. मुलीचा चेहरा पडला होता. "मग आपण इथं काय बघायला आलो?"

आमचे हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाबासाहेबांना हे दिसलं नसेल का? कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्म स्वीकारायचं आवाहन केलं आणि तिथल्या बौद्धांना सांगितलं, यांना जवळ करा. म्हणजे बुद्धाच्या देशात येऊनही त्यांची नजर आधी कुणावर गेली, ते बघ." मुलगी काही बोलली नाही. पण वही काढून तिने ते लिहून घेतले.

कँडीहून हॅटनची रेल्वे डोंगर चढत जाते. सगळीकडे चहाचे मळे. हिरव्या गालिच्यासारखे वगैरे वर्णन तुम्ही वाचले असेल. आत्यांना त्या हिरवळीत आधी पाठीवर ओझे घेतलेल्या बाया दिसल्या. पाठीवरच्या टोपलीचा किंवा झोळीचा पट्टा कपाळावर, उतारावर तोल सांभाळत दोन्ही हातांनी पाला खुडायचा.

या बाया कोण? इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तामिळनाडूतून आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांवर आणलेल्या मजुरांच्या नाती-पणत्या. त्यांतले पुष्कळ जण आपल्यासारख्याच गावकुसाबाहेरच्या जातींचे. देश स्वतंत्र झाला आणि १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या लाखोंचे नागरिकत्व गेले. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला, किती जण भारतात पाठवायचे आणि किती तिथे ठेवायचे याचा. माणसांची अशी वाटणी! उरलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न मिटायला २००३ चा कायदा यावा लागला. दिवसाला एक हजार श्रीलंकन रुपये मजुरी मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षे झगडल्या, ती २०२१ मध्ये ठरली. आम्ही गेलो तेव्हाच्या भावाने ते आपले तीनशे रुपयेही होत नव्हते.

हॅटनहून बसने नल्लतन्निया गाव. तिथून श्रीपादाची चढण. उंची २२४३ मीटर, पायऱ्या सुमारे साडेपाच हजार. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत यात्रा चालते. रात्रभर वाटेवर दिवे असतात आणि ठिकठिकाणी चहाची दुकाने. वरच्या पावलाच्या ठशाला बौद्ध लोक बुद्धाचा मानतात, हिंदू शिवाचा, मुसलमान आदमचा. मुलाने विचारले, "खरा कुणाचा?" मी म्हटले, "ठसा कुणाचाही असो, वर चढायला पाय आपलेच लागतात."

रात्री एकला निघालो. आत्यांना मी सांगून पाहिले, गुडघे सुजले आहेत, राहू द्या. मी परिचारिका आहे, पण आमच्या घरात माझे कुणी ऐकत नाही. सुरुवातीला चहाचे मळे, मग जपानी भिक्खूंनी बांधलेला शांतिस्तूप, मग झाडी आणि पायऱ्याच पायऱ्या. तान्ही मुले खांद्यावर घेतलेले बाप, दोन्ही बाजूंनी धरलेल्या नव्वदीच्या आज्या. खाली येणारा वर जाणाऱ्याला "करुणावई" म्हणून शुभेच्छा देतो. आत्यांना तो शब्द फार आवडला. निम्म्याहून अधिक वाट झाली आणि त्या एका चहाच्या दुकानाच्या बाकावर बसल्या त्या बसल्याच. गुडघा हातात मावेना.

"तुम्ही जावा," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ थांबते म्हटले. तर माझ्यावर ओरडल्या, "बारा वरसं रातपाळ्या केल्यास, पोरं वाढवलीस, माझी दुखणी काढलीस. तू तरी कधी कुठं गेलीस? जा! वरती काय हाय ते मला येऊन सांग." वीस वर्षांच्या संसारात आत्यांनी माझ्या कष्टांचा हिशेब ठेवला आहे, हे मला त्या डोंगरावर कळले. मी गेले.

वर बोचरा वारा आणि माणसांची दाटी. जेवढ्या वेळा चढलात तेवढ्या वेळा घंटा वाजवायची अशी तिथली रीत. आम्ही चौघांनी एकेकदा वाजवली. सूर्य उगवला, तेव्हा सगळे पूर्वेला पाहत होते. मुलगा मागे पळाला आणि ओरडला, "आई, इकडे!" पश्चिमेला धुक्यावर डोंगराची अख्खी सावली पडली होती, कुणी पट्टीने आखल्यासारखी त्रिकोणी. थोड्या वेळाने ती विरून गेली.

परत येताना जीव आत्यांत अडकला होता. दुकानापाशी पोहोचलो, तर आत्या चहाचे ग्लास विसळत बसलेल्या! दुकानातली तामिळ बाई त्यांच्याच वयाची. आयुष्यभर चहा खुडलेली. आता सून मळ्यावर जाते. तिचा दुबईहून आलेला मुलगा मोडके-तोडके हिंदी बोलत होता, त्याच्या मदतीने दोघींनी रात्र काढली होती. ती आठ खोल्यांच्या लायनीत राहते, एक खोली आणि एक पडवी. "आपल्या जुन्या चाळीवाणी," आत्या म्हणाल्या. मग त्या बाईने आपला हात पुढे केला. चहाच्या चिकाने बोटांच्या भेगा काळ्या झाल्या होत्या. आत्यांनी आपला अंगठा दाखवला, खराट्याच्या दांड्याने पडलेला घट्टा. "तिला इचारलं, तुझी नात काय करती? तर म्हणली, शिकती, मास्तरीण व्हायचंय. मी म्हणलं, माझी पण शिकती." एवढे सांगून आत्यांनी मला विचारले, "वरती काय होतं?" मी म्हटले, "सावली होती, आत्या. फार मोठी." त्या म्हणाल्या, "बरं झालं, बघितलीस."

पुढे गॉलचा डच किल्ला पाहिला आणि २३ मे च्या वैशाख पौर्णिमेला कोलंबोत पोहोचलो. सगळे शहर कागदी कंदिलांनी उजळले होते. रस्त्यारस्त्यावर 'दन्सल', म्हणजे येईल त्याला फुकट जेवण, सरबत, आइस्क्रीम. वस्तीतली पोरे धावत्या बस थांबवून लोकांना खाली उतरवतात आणि खायला घालतात. तू कोण, कुठला, कुणी विचारत नाही. आत्या पानावर बसल्या, तेव्हा वाढणाऱ्या मुलाने आधी हात जोडले, मग भात वाढला.

आता हिशेब. विमान, राहणे, खाणे, बस-रेल्वे, तिकिटे सगळे मिळून पाच जणांचे बावीस दिवसांत सव्वादोन लाख गेले. स्वयंपाकाची सोय असलेली घरगुती खोली घ्यावी, बसने फिरावे, दुपारी भाताचे पुडके खावे. प्राचीन स्थळी तिकीट काढताना पासपोर्ट दाखवून आपल्या देशाला सवलत आहे का, ते जरूर विचारावे. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. श्रीपादाला जाताना घोंगडी आणि गुडघ्याचा पट्टा विसरू नये. आणखी एक. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात त्या डोंगरी भागात दरडी कोसळून शेकडो माणसे दगावली, रेल्वेमार्गाचेही फार नुकसान झाले. जायचे असेल तर रस्ता आणि रेल्वे यांची चौकशी आधी करा. आम्ही ती बातमी ऐकली तेव्हा आत्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. त्या बाईचा पत्ता आमच्याजवळ नव्हता.

शेवटी घरची गोष्ट. आमच्या वस्तीतले विहार दर रविवारी आत्याच झाडत असत. "त्यांना सवय आहे," असे सगळे म्हणत, आणि मीही म्हणत असे. परत आल्यावरच्या पहिल्या बैठकीत आत्या उभ्या राहिल्या. सत्कार करू म्हणून मंडळाने शाल आणली होती. त्या म्हणाल्या, "शाल ऱ्हाऊ द्या. झाडायची पाळी लावा. अध्यक्ष, सेक्रेटरी, बाप्ये, सुना, सगळ्यांची. पुण्याचं काम असंल तर सगळ्यांनी करायचं, आन् कामाचं काम असंल तर त्याचा पगार द्यायचा."

थोडी चुळबुळ झाली. पण पाळी लागली. कागद विहाराच्या दारावर चिकटवला आहे. पहिल्या रविवारी नाव आमच्या ह्यांचे होते. खराटा उलटा धरला म्हणून आत्यांनी त्यांना खुर्चीवरून सगळ्यांदेखत झापले, आणि मग मी दिलेला चहा घेतला.

जयभीम.